दाढेतलं पंचांग

दरवर्षी एक जूनला छाया फडतरे बाईंचा फोन शुभेच्छांनी दुपारपर्यंत तापायचा. गंमत म्हणजे शुभेच्छा देणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवसही त्याच दिवशी असायचा. माणदेशात ज्या लेकराची जन्मतारीख घरात कुणाला सांगता येत नसे, त्याच्या नावापुढे गुरुजी एक जून ठोकून द्यायचे आणि मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये भरायची, वय मोजायला सोपं जायचं, आणि कुणाचं काही बिघडत नसे. बाईंच्या नावापुढेही त्यांच्या गुरुजींनी तेच ठोकलं होतं. पुढे बाई स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागल्या आणि त्यांनीही तीच री ओढली. एका वर्षी तर केंद्रातले चार शिक्षक एकाच एकतीस मेला निवृत्त झाले, आणि आटपाडीत हार मिळेनात. ते आठवलं की बाई अजून एकट्याच हसायच्या.

दोन हजार शेहेचाळीसच्या ऑगस्टात मात्र हे हसू आटलं. कोर्टानं गरिबांसाठी नेमून दिलेली एक तरुण वकील, नसीमा मुल्ला, सकाळी सकाळी बाईंच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, मायाक्का बंडगर आठवते का? तळेमाळच्या शाळेतली?"

"न आठवायला काय झालं? मेंढरांच्या वाड्यावरची. पाढे म्हणताना डोळे मिटायची. आत ये, चहा टाकते. लग्न ठरलं की काय तिचं?"

"अटक झालीय."

चहाचं आधण तसंच राहिलं. नसीमानं सांगितलं ते असं. तळेमाळच्या पठारावर आता सौरप्रकल्प झाला होता, दोन कोसांचं कुंपण घातलेला. बारा ऑगस्टला मायाक्कानं डहाळ्या तोडायच्या कुऱ्हाडीनं त्या कुंपणाच्या तारा तोडल्या आणि अडीचशे मेंढरं आत घातली. ताणलेली तार सुटली तसा खांब आडवा झाला आणि धावत आलेल्या पहारेकऱ्याचा पाय दोन जागी मोडला. वीजप्रकल्पांच्या संरक्षणाचा नवा कायदा तर भलताच कडक.

"मोठी ठरली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग," नसीमा म्हणाली. "लहान ठरली तर बाल न्याय मंडळापुढे जाईल. तिथे फार तर तीन वर्षं, तीही सुधारगृहात, शिक्षण चालू ठेवून."

"मग प्रश्नच कुठंय? लेकरूच आहे ते."

"तुमच्या जनरल रजिस्टरात तिची जन्मतारीख एक जून दोन हजार अठ्ठावीस आहे, बाई. म्हणजे त्या दिवशी ती अठरा वर्षं, दोन महिने आणि अकरा दिवसांची होती."

बाई खाली बसल्या. रजिस्टर बघायची गरजच नव्हती. ती ओळ लिहिताना पेनातली शाई अडखळली होती, हेसुद्धा त्यांना आठवत होतं.

बारा वर्षांपूर्वीचा जून. तळेमाळची एकखोली शाळा आणि पटावर नऊ मुलं. दहाच्या खाली पट गेला की शाळा बंद, असा फतवा निघालेला. कोकणातून मेंढपाळांचा फिरता वाडा नुकताच परतला होता. अक्काताई बंडगर कडेवर कोकरू आणि हाताला पोरगी घेऊन शाळेच्या पायरीशी आली. पोरगी आत डोकावली आणि भिंतीवरचे आकडे मोजायलाच लागली.

"कधीची गं ही?" बाईंनी विचारलं.

"माघातली हाय, बाई. पुनव हून तिसरा दिस. कोकणात वाडा हुता तवा झाली. गारा पडल्या तवा सालाची हुती बगा, नुकती उबी ऱ्हात हुती."

म्हणजे पाच वर्षं आणि वर चार महिने. पहिलीला सहा पूर्ण लागत. पुढच्या वर्षी घ्यावं, तर तोवर नाव घालायला शाळाच उरली नसती. माघ लिहायला रजिस्टरात रकाना नव्हता, आणि दहावं नाव तर हवंच होतं. बाईंनी एक जून लिहिलं आणि मागचं साल टाकलं. एका ओळीत शाळा वाचली, म्हणून त्या दिवशी त्यांनी मुलांना खिचडीबरोबर गूळ वाटला होता.

काय दिवस होते ते! दिवाळी झाली की वाड्यावरची मुलं घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाडाबरोबर निघून जायची, आणि वर्गात नुसता लोकरीचा वास मागे राहायचा. जेठ महिन्यात परत यायची, उंच झालेली, काळी पडलेली, आणि अर्धं विसरलेली. माया तेवढी काही विसरत नसे. वाटेत दिसेल ती पाटी वाचत ती कोकणात जायची आणि वाचत परत यायची. किती गावांची नावं तिनं बाईंना घडाघडा म्हणून दाखवली होती! त्या शाळेची सय आली की बाईंना आजही गलबलून यायचं.

"यावर एक उपाय आहे," नसीमा म्हणाली. "मिरजेच्या एका प्रयोगशाळेत दाढेवरून जन्माचा दिवस काढतात. अगदी दिवस. पण शाळेचा दाखला असला की कायद्यापुढे दुसरं काही चालत नाही. दाखला लिहिणाऱ्यानंच शपथेवर तो खोटा म्हणून सांगितलं, तरच कोर्ट त्या यंत्राकडे बघेल."

"म्हणजे मी."

"म्हणजे तुम्ही. मी लपवत नाही, बाई. खात्याची चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. आणि तुमच्या हातच्या बाकीच्या नोंदींवरही बोट ठेवलं जाईल."

बाई काही लगेच हो म्हणाल्या नाहीत. "दोन दिवस दे मला," एवढंच म्हणाल्या.

बातमी त्यांच्याआधी गावोगाव पोचली. दुसऱ्याच दिवशी हणमंत खरातचा फोन आला. वाड्यावरून शिकून फौजदार झालेला हा पहिला मुलगा. बाईंचा अभिमान म्हणजे हणमंत.

"बाई, ऐकलं ते खरं नाही ना?"

"काय ऐकलंस?"

"तुम्ही रजिस्टर खोटं म्हणून सांगणार आहात. बाई, माझीपण तारीख तुमच्याच हातची आहे. आत्ता बढतीच्या यादीत नाव लागलंय. उद्या कुणी माझीही दाढ बघायला लावली तर? भरतीच्या वेळी माझं वय बसत नव्हतं असं निघालं तर?"

"हणमंता, वय मी खोटं दिलं असेल. अक्कल तर खोटी दिली नाही ना?"

"कायद्याला अक्कल दाखवता येत नाही, बाई. दाखला दाखवावा लागतो. एका पोरीसाठी तुम्ही आम्हा सगळ्यांच्या पायाखालचं काढून घेताय."

त्यानं फोन ठेवला. बाईंना सांगताच येईना असं दुखलं. एका बाजूला हणमंत, दुसऱ्या बाजूला माया. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्या सांगलीच्या निरीक्षणगृहात मायाला भेटायला गेल्या. वयाचा वाद मिटेपर्यंत तिला तिथे ठेवलं होतं. पोरगी चांगलीच उंच झाली होती, पण बाई दिसताच बाकावरून उठून हात बांधून उभी राहिली. वर्गात राहायची तश्शी.

"बस गं, बस. खायला देतात का नीट?"

"देत्यात. पर आळणी." मग आवाज बारीक करून म्हणाली, "बाई, त्या वकीलबाई म्हणत्यात, तुमी खोटं लिवलंय म्हनून सांगणार. तसं करू नगा. म्या दाढ दाखवणार न्हाई. तोंडच उघडणार न्हाई."

"का बरं?"

"तुमी लिवलंय नव्हं? मग अठराच. पाटणात, कऱ्हाडात, कोकणात, कुटं बी गेलो की आमच्यासनी लोक इचारायचे, कोण रं तुमी, कुटले? तवा दादा माझा शाळेचा दाखला काढून दावायचा. आमच्या वाड्यावर तेवढाच कागद हुता, ज्याच्यावर आमचं नाव सरकारी अक्षरात हुतं. त्यो खोटा म्हणायचा? मग आमी कोण?"

पोरीनं त्यांची एक ओळ बारा वर्षं उरापाशी धरली होती.

"दहा वर्षं आहेत, माया. दहा! बाहेर येशील तेव्हा अठ्ठावीसची असशील."

"तुमची अब्रू जाईल."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांना कळलं की आपला निर्णय झाला. "माझी आहे, मी बघेन तिचं काय करायचं ते. तू तोंड उघड म्हणजे झालं. पाचवीत दाताची तपासणी आली होती तेव्हा डॉक्टरला चावली होतीस, तसं करू नकोस."

माया हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली, असं दारातली शिपाई बाई नंतर म्हणाली.

कोर्टात बाईंनी शपथ घेतली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पट नऊ होता. मुलगी साडेपाचचीही नव्हती. तिच्या आईनं खरं सांगितलं होतं, मी लिहिलं नाही. सरकारी वकिलानं चष्म्यावरून बघत विचारलं, "म्हणजे तुम्ही मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवत होता, आणि स्वतः रोज खोटं लिहीत होता?"

"रोज नाही. जूनमध्ये," बाई म्हणाल्या. कोर्टात खसखस पिकली. पण बाईंना हसू आलं नाही. पाठीमागच्या बाकावर अक्काताई बसली होती, आणि आपण त्या वेळी खरं बोललो होतो हे इतक्या वर्षांनी कुणीतरी मोठ्यानं सांगतंय, हे ती डोळे मोठे करून ऐकत होती. न्यायाधीशांनी दाढेच्या तपासणीचा हुकूम दिला.

मिरजेच्या प्रयोगशाळेतलं ते यंत्र दिसायला दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीसारखंच. त्याला एक लांब वाकडा दांडा तेवढा जास्त. डॉ. अदिती मगदूम तिथली प्रमुख. वयानं लहान, बोलायला भरभर. तिच्या हाताखालची मुलं यंत्राला दंतपंचांग म्हणायची.

"झाडाच्या खोडात वर्षाचं एक कडं पडतं, ते तुम्ही शिकवलंच असेल," ती बाईंना म्हणाली. "दाताचं वरचं कवच त्याच्यापेक्षा चोख. त्याच्यावर रोज एक रेघ पडते. दिवसाला एक, एकही चुकत नाही. सहाव्या वर्षी येते ना, ती पहिली कायमची दाढ. तिचं कवच हिरडीच्या आत मूल जन्मायच्या थोडं आधीच तयार व्हायला लागतं. मूल पोटातून बाहेर येतं तो मोठा धक्का. त्या दिवसाची रेघ ठळक उमटते. ती जन्मरेषा. मग तिसऱ्या वर्षापर्यंत रोजची एकेक. त्यानंतर कवच पुरं होतं आणि मरेपर्यंत तसंच राहतं. पूर्वी हे बघायला दात काढून चिरावा लागायचा. आता क्ष-किरणांनी तोंडातल्या तोंडात मोजता येतं."

"म्हणजे जन्मतारीख दाढेवर लिहिलेलीच असते?"

"नाही ना! इथेच सगळे फसतात. दाढ दिवस मोजते, तारीख सांगत नाही. ही नुसती लांब दोरी आहे, बाई. तिचं एक टोक कुठल्यातरी खुंटीला बांधावं लागतं. मूल खूप आजारी पडलं, उपाशी राहिलं, की त्या दिवसांच्या रेघा काळ्या पडतात. त्या आजारपणाची पक्की तारीख मिळाली, की तिथून मागे जन्मरेषेपर्यंत मोजत जायचं."

मायानं तोंड उघडलं. कुणाला चावली नाही. वीस मिनिटांनी पडद्यावर तिच्या बाळपणाच्या हजारभर रेघा उमटल्या. जन्मरेषेपासून चारशे नवव्या दिवशी एक काळाकुट्ट पट्टा सुरू होत होता, आठ दिवस रुंद.

"ह्ये गारांचं," मागून अक्काताई म्हणाली. तिला पडद्यातलं काही कळत नव्हतं, पण आठ दिवस म्हटल्याबरोबर तिला सगळं कळलं. "टोपल्याएवढाल्या गारा. मेंढरं जागच्या जागी आडवी. माझं दूद आटलं. पोरगी आठ दिस तापानं फणफणत हुती, म्या म्हणलं, जाती आता ही."

"कुठल्या तारखेला, आठवतं का?" अदितीनं विचारलं.

"तारीख मला काय म्हाईत? पाटणच्या बाजूला वाडा हुता. जनावरांचा डागदर येऊन मेलेली मेंढरं मोजून गेला, एवढं ठावं हाय."

बाई ताडकन उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या पाटणला गेल्या. तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या कारकुनानं जुन्या नोंदी उघडल्या, आणि घटकाभरात पंचनामा मिळाला. अठरा मार्च दोन हजार तीस, दुपारी चार वाजता गारपीट, तुकाराम बंडगर यांच्या कळपातील तीनशे बारा मेंढ्या मृत. तुकाराम म्हणजे मायाचे वडील. प्रत्येक मेंढीचं अंदाजे वयसुद्धा लिहिलेलं होतं. बाईंनी कपाळावर हात मारला. अहो, मेंढीच्या मरणाची तारीख होती, वेळ होती, आणि त्याच वाड्यातल्या पोरीच्या जन्माची मात्र कुठं काडीची नोंद नव्हती! आणि जी होती ती फडतरे बाईंच्या हातची.

गाडीतच त्यांनी कागद काढला आणि चारशे नऊ वजा करायला घेतले. दोन वेळा केलं, मग मुलांना सांगायच्या तसा ताळा घेतला. दोन फेब्रुवारी दोन हजार एकोणतीस. फोनवर पंचांग उघडलं. माघ वद्य तृतीया. पुनव हून तिसरा दिस.

बाई गाडीत रडल्या. शेजारच्या माणसानं त्यांना पाण्याची बाटली दिली.

कागद द्यायला त्या मिरजेला गेल्या तेव्हा अदितीनं सहज विचारलं, "तुमचीपण बघू का दाढ? उगाच, हौस म्हणून." बाई लाजत लाजत खुर्चीत बसल्या. त्यांच्या रेघाही आल्या. चौसष्ट वर्षांपूर्वीच्या, एकूण एक. दोनशे अकराव्या दिवशी एक काळी रेघ होती, चांगली जाड. त्या दिवशी काय झालं होतं? ताप? की घरात खायला नव्हतं? आई असती तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. आई जाऊन एकवीस वर्षं झाली होती, आणि आत्या, मावशी, शेजारची काकू, सगळ्या गेल्या होत्या. दोरी हातात होती आणि खुंटी सांगणारं माणूस उरलं नव्हतं. बाईंना त्या वेळी आईची फार आठवण आली. तिला कधी विचारलंच नाही, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

सप्टेंबरच्या शेवटी कोर्टाचा निकाल लागला. घटनेच्या दिवशी मायाक्का बंडगर सतरा वर्षं, सहा महिने आणि दहा दिवसांची होती. प्रकरण बाल न्याय मंडळाकडे वर्ग करावं. शाळेच्या नोंदीवर दाढेनं मात केल्याचा हा पहिलाच निकाल, असं नसीमा म्हणाली. तिच्या फोनवर तेवढ्यात चार जिल्ह्यांतून वकिलांचे निरोप आले होते. एक जूनवाले हजारो लोक आता आपापली दाढ चाचपून बघणार, यात शंका नव्हती. कुणी आनंदानं, कुणी भीतीनं. हणमंतचा फोन काही आला नाही.

कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली बाकावर बाई टेकल्या. खात्याची चौकशीची नोटीस त्यांच्या पिशवीत होती. साध्या कपड्यांतली शिपाई बाई मायाला गाडीकडे नेत होती. तिनं दोन मिनिटं थांबायला परवानगी दिली.

"बाई," माया म्हणाली, "आता तुमच्यावर खटला हुईल?"

"चौकशी होईल. होऊ दे."

"म्या येते तुमच्या बाजूनं सांगाया."

"काय सांगशील गं?"

"सांगीन की बाईंनी नाव घातलं नसतं, तर मला वाचाया आलं नसतं. मग मला त्या कुंपणावरची पाटी बी वाचता आली नसती."

बाई हसल्या. "अगं बये, हे सांगितलंस तर दोघी बुडू. प्रवेश बंद अशी पाटी वाचून वर तारा तोडल्यास म्हणतील."

"त्ये वर मोट्या अक्षरात हुतं. म्या खालचं वाचलं, बारीक. परकल्पाच्या अटी म्हनून लिवलंय त्यात. मेंढपाळांची पिढ्यान् पिढ्यांची वाट श्रावण ते दिवाळी खुली ठेवण्यात येईल, फाटक क्रमांक तीन. म्या तीन नंबरच्या फाटकाशी गेले. कुलूप. तीन दिस रोज गेले, पहारेकऱ्याला पाटी वाचून दावली. त्यो म्हनला, साहेबाला इचारतो. पाणी कुंपणाच्या पल्याड. चौथ्या दिशी पाण्याबिगर कोकरं पडाया लागली, तवा फाटकाच्या बाजूच्या तारा तोडल्या. त्या मामाचा पाय मोडला त्याचं लई वाईट वाटतं मला. पर वाट आमची हुती, बाई. लिवलेलं हुतं."

दीड महिना बाई दाढा, रेघा, गारा आणि माघ यांच्या मागे गावोगाव धावत होत्या. पाटणला गेल्या, मिरजेला चार वेळा गेल्या. तळेमाळला, त्या कुंपणापाशी, एकदाही गेल्या नव्हत्या.

"माया, हे तू कुणाला सांगितलं नाहीस? पोलिसांना? नसीमाला?"

"कुनी इचारलंच न्हाई," माया म्हणाली. "समदी वयच इचारत हुती."

बाईंनी हाक मारून नसीमाला बोलावलं, पिशवीतली नोटीस काढली, ती उलटी करून मांडीवर ठेवली आणि पेन उघडलं.

"बस इथं," त्या मायाला म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग. तू जसं सांगशील तसंच लिहिते."